अर्धे उघडे दार

३ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनमध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरील कार्यालयात, ब्रेक्झिटनंतर युरोपशी व्हायच्या वाटाघाटींची माहिती घेण्यासाठी राजकीय वार्ताहर जमले होते. आत येणाऱ्यांची नावे विचारून काहींना गालिच्याच्या या बाजूला, तर काहींना त्या बाजूला उभे करण्यात आले. मग सांगण्यात आले की एका बाजूच्या लोकांनी थांबावे आणि दुसऱ्या बाजूच्यांनी निघून जावे. ‘डेली मिरर’सारख्या, सरकारवर टीका करणाऱ्या वृत्तपत्राचा प्रतिनिधी निघून जाणाऱ्यांच्या बाजूला होता. पुढे जे घडले ते अशा प्रसंगी सहसा घडत नाही. ज्यांना थांबण्यास सांगितले होते, आणि त्यांत बीबीसी व आयटीव्हीचे राजकीय संपादकही होते, तेदेखील सगळे बाहेर पडले. माहिती देणारा अधिकारी तयार होता, पण ती घ्यायला समोर कोणी उरले नाही.

सरकार आणि राजकीय पत्रकार यांच्यातील प्रवेशाच्या भांडणात तो गालिचा मला एखाद्या न्यायालयीन निकालाइतका महत्त्वाचा वाटतो. या भांडणाकडे आपण साधारणपणे ‘दार उघडे की बंद’ अशा नजरेने पाहतो आणि तिथेच आपली गफलत होते. दार सर्वांनाच बंद असेल, तर सगळे बातमीदार बाहेर एकत्र उभे असतात, त्यांचे दुखणे एक असते आणि माहिती मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा ते शोधू लागतात. अर्ध्या उघड्या दाराची गोष्ट निराळी आहे. काहींना आत घेतले आणि काहींना बाहेर ठेवले, की आत असलेल्याला उद्या बाहेर राहावे लागण्याची धास्ती लागते आणि बाहेर असलेल्याला आपण काय केले तर आत जाता येईल याचा हिशेब सुचू लागतो. त्यासाठी कोणी दमदाटी करावी लागत नाही. बातमीतले एक विशेषण सौम्य होते, एक अडचणीचा प्रश्न पुढच्या खेपेसाठी राखून ठेवला जातो, मथळा थोडा पडता घेतला जातो. बंदीचा लेखी हुकूम निघाला तर तो न्यायालयात नेता येतो, पण विचारलाच गेला नाही तो प्रश्न कुठे दाखल करायचा?

सरकारने किती दारे उघडावीत याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु एकदा उघडलेल्या दारातून आत कोणी यायचे, हे ज्याच्याविषयी बातमी द्यायची आहे त्याच्याच मर्जीवर सोडता येणार नाही, एवढे माझे म्हणणे आहे. त्याचबरोबर, त्या दाराची किल्ली आपल्या खिशात असल्यासारखे वागण्याचा अधिकार पत्रकारांनाही नाही, हा त्याच म्हणण्याचा दुसरा आणि आमच्या व्यवसायाला कमी आवडणारा भाग आहे.

या प्रश्नावर वेगवेगळ्या देशांतील न्यायालये आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निष्कर्षाशी आलेली दिसतात. अमेरिकेतील रॉबर्ट शेरिल या वार्ताहराला १९६६ मध्ये व्हाइट हाउसचा पास नाकारण्यात आला. कारण विचारले तर ‘सुरक्षा’ या एका शब्दापलीकडे त्याला काही सांगण्यात आले नाही. प्रकरण न्यायालयात गेल्यावर, त्याच्यावर पूर्वी मारहाणीचा आरोप होता हे पुढे आले. १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जो निर्णय दिला त्याचा गाभा असा, की व्हाइट हाउस सर्वांना खुले करण्याचे बंधन कोणावर नाही, परंतु पत्रकारांसाठी सोय एकदा केली, की ती सबळ कारणाशिवाय एखाद्याला नाकारता येणार नाही, आणि नाकारायची असेल तर त्याला नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय लेखी कळवावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये सीएनएनच्या जिम अकोस्टा यांचा पास राष्ट्राध्यक्षांशी झालेल्या वादावादीनंतर काढून घेण्यात आला, तेव्हा अवघ्या काही दिवसांत न्यायाधीशांनी तो तात्पुरता परत देण्याचा आदेश दिला. त्याचा आधार अकोस्टा यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा नव्हता. पास काढताना कोणतीही रीतसर पद्धत पाळली गेली नाही, या साध्या मुद्द्यावर तो आदेश उभा होता.

आपल्याकडील उदाहरण याहून अधिक बोलके आहे, कारण ते तुरुंगाच्या दाराचे आहे. फाशीची शिक्षा झालेल्या बिल्ला आणि रंगा यांची मुलाखत घेण्याची परवानगी पत्रकार प्रभा दत्त यांनी मागितली आणि ती नाकारली गेली. १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले, की माहितीच्या स्रोतापर्यंत पोहोचण्याचा अनिर्बंध हक्क घटनेने वृत्तपत्रांना दिलेला नाही. मात्र कैदी बोलायला तयार असेल आणि तरीही मुलाखत नाकारायची असेल, तर त्यासाठी वजनदार कारणे हवीत आणि ती लेखी नोंदवलेली असावीत, अशी अपेक्षाही न्यायालयाने त्याच निकालात व्यक्त केली. लेखी नोंदवलेली, हे शब्द मला मोलाचे वाटतात. अधिकाऱ्याच्या हातात नाही म्हणण्याची मुभा राहते, पण नाही म्हणताना त्याला स्वतःची सही करावी लागते, आणि निम्मे मनमानी निर्णय सहीची वेळ आली की विरघळतात, हे कार्यालयांत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हाच धागा २०२० मध्ये हंगेरीच्या प्रकरणात पुढे नेला. तिथल्या संसदेच्या अध्यक्षांनी २०१६ मध्ये काही पत्रकारांचा संसद भवनातील प्रवेश स्थगित केला होता, कारण नेमून दिलेल्या जागेबाहेर त्यांनी खासदारांना प्रश्न विचारून चित्रीकरण केले होते. नियम करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. परंतु शिक्षा देताना पत्रकारांना बाजू मांडण्याची आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पुरेशी सोय नव्हती, म्हणून हंगेरीविरुद्ध निकाल लागला.

इथपर्यंतचे चित्र समाधानकारक आहे. अडचण पुढे आहे, आणि २०२५ मधल्या घटनांनी ती उघडी पाडली. मेक्सिकोच्या आखाताचे ‘अमेरिकेचे आखात’ असे नामांतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केले. ते नाव आपल्या बातम्यांत सरसकट स्वीकारण्यास असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नकार दिला, तेव्हा फेब्रुवारी २०२५ पासून तिच्या वार्ताहरांना ओव्हल ऑफिसमधील, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील, कार्यक्रमांतून वगळण्यात आले. एप्रिलमध्ये न्यायाधीश ट्रेव्हर मॅक्फॅडन यांनी, ज्यांची नेमणूक खुद्द ट्रम्प यांनी केली होती, असा निर्णय दिला, की सरकारने काही पत्रकारांना दार उघडले असेल तर इतरांना त्यांच्या मतांवरून ते बंद करता येणार नाही. जूनमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने या आदेशाला बऱ्याच अंशी स्थगिती दिली. ओव्हल ऑफिस किंवा राष्ट्राध्यक्षांचे विमान यांसारख्या मर्यादित, जवळपास खासगी जागांत कोणाला बोलवायचे ही राष्ट्राध्यक्षांची निवड आहे, असे बहुमताने मानले. व्हाइट हाउसमधीलच ईस्ट रूमसारख्या मोठ्या दालनाला मात्र ही स्थगिती लागू केली नाही. म्हणजे समान वागणुकीचा हक्क खोलीच्या आकाराप्रमाणे बदलू लागला. मला हा तर्क पटत नाही. ओव्हल ऑफिसमध्ये छायाचित्रकारांना बोलावून करार केले जातात, परदेशी पाहुण्यांशी वाद घातले जातात, तेव्हा ती जागा कोणाच्याही घरातील बैठक उरत नाही. जागा लहान आहे म्हणून दहाच जण येतील, हे मान्य आहे. पण ते दहा जण नकाशावर कोणते नाव छापतात यावरून निवडले गेले, तर जागेच्या लहानपणाचा त्याच्याशी काय संबंध?

अधिकाऱ्यांची बाजू मात्र आपण वृत्तपत्रांतून जितकी हिणकस रंगवतो तितकी ती नाही. सुरक्षेची जबाबदारी खरी असते आणि चूक झाली तर जाब अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. अर्थसंकल्प किंवा व्याजदरासारखी माहिती वेळेआधी फुटली तर बाजारात कोणाचे तरी उखळ पांढरे होते. शासकीय चर्चेत कनिष्ठ अधिकाऱ्याने विरोधी मत मांडायचे असेल, तर ते उद्याच्या मथळ्यात येणार नाही याची खात्री त्याला लागते, नाहीतर टिपणावर सगळे गुळमुळीत लिहायला शिकतात. शिवाय आज कॅमेरा असलेला मोबाइल आणि वाहिनीचे नाव एवढ्या भांडवलावर कोणीही पत्रकार म्हणून उभा राहतो, त्यांतले काही उत्तम काम करतात आणि काही पासचा उपयोग भलत्याच कामांसाठी करतात. पत्रकार कोण हे ठरवावेच लागते, आणि ठरवणाऱ्याला शिव्या बसतातच. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की नियम हवेत. नियम कोणी करावेत, ते किती नेमके असावेत आणि ते मोडल्याचे कोण ठरवणार, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत, आणि खरी झटापट तिथेच आहे.

नियमांची भाषा मुद्दाम ढिली ठेवणे ही मर्जीची नवी आवृत्ती आहे. भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये पत्रकारांच्या केंद्रीय अधिस्वीकृतीची, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराच्या कार्डाची, जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी यांना बाधा येईल असे वर्तन केल्यास अधिस्वीकृती काढून घेता येईल असे म्हटले होते. ही शब्दावली घटनेच्या एकोणिसाव्या कलमातून उचललेली आहे, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण घटनेत हे शब्द कायदेमंडळाला कायदा करण्याची मर्यादा आखून देतात, आणि तो कायदा मोडला की नाही याचा निवाडा न्यायालय करते. तेच शब्द कार्ड देणाऱ्या कार्यालयाच्या हाती आले, की एखादी बातमी बदनामीकारक होती का, हे खटल्याविना तेच कार्यालय ठरवू शकते. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने त्या वेळी नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्याआधी जुलै २०१९ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयात अधिस्वीकृतीधारक पत्रकारांनाही भेटीची वेळ आधी ठरवल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम आला. वरवर पाहता ही साधी शिस्त आहे. तिचा परिणाम मात्र असा, की कोणता अधिकारी कोणत्या वार्ताहराला भेटला याची नोंद तयार होते, आणि जो अधिकारी चहाच्या वेळी चार खऱ्या गोष्टी सांगायचा, तो भेटीची वेळच देत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, याच्याही पुढची पायरी गाठली. संरक्षण मंत्री पीट हेगसेथ यांच्या खात्याने वार्ताहरांसमोर एक नवे धोरण ठेवले आणि ते समजल्याची सही मागितली. त्यात, अधिकृत परवानगी नसलेली माहिती अधिकाऱ्यांकडे मागणाऱ्या वार्ताहराला सुरक्षेला धोका मानून त्याचा पास काढून घेता येईल असा आशय होता. आता जी माहिती द्यायला परवानगी आहे ती प्रसिद्धिपत्रकात असतेच. ती उतरवून घेण्याला बातमीदारी म्हणत नाहीत. राजकीय मते परस्परविरोधी असलेल्या बहुतेक सर्व मोठ्या वृत्तसंस्थांनी, सरकारला अनुकूल मानल्या जाणाऱ्या फॉक्स न्यूजसह, सही करण्यास नकार दिला आणि १५ ऑक्टोबरला वार्ताहरांनी आपले पास परत करून इमारत सोडली. त्या इमारतीत वर्षानुवर्षे टेबल असलेली माणसे खोक्यांत सामान भरून निघाली. संरक्षण खात्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या, याची नोंद घेतली पाहिजे, कारण तिथून मी दुसऱ्या बाजूकडे येतो.

प्रवेशाचे हे महत्त्व पत्रकारांनी स्वतःच वाजवीपेक्षा फार वाढवून ठेवले आहे. जपानमध्ये १८९० साली, तिथली संसद प्रथमच भरत असताना, बातमीदारांनी प्रवेश मिळवण्यासाठी एकजूट केली आणि त्यातून ‘किशा क्लब’ जन्माला आले. सत्तेच्या दाराशी ताटकळणाऱ्यांची ती संघटना होती. पुढे प्रत्येक मंत्रालयात, पोलीस मुख्यालयात, मोठ्या संस्थांत असे क्लब झाले, त्यांना सरकारी इमारतीत खोल्या मिळाल्या, आणि मग त्या खोलीत परदेशी वार्ताहर, नियतकालिकांचे लेखक आणि मुक्त पत्रकार यांना यायला बंदी घालू लागले ते खुद्द क्लबचे सभासदच. २००२ मध्ये युरोपीय संघाने ही पद्धत मोडून काढण्याची मागणी केली. २००९ मध्ये सत्तांतर झाल्यावर परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनी आपल्या पत्रकार परिषदा क्लबबाहेरच्यांना खुल्या केल्या. म्हणजे दार उघडणारा मंत्री होता आणि ते इतकी वर्षे आतून लावून घेणारे पत्रकार होते. कॅनडातही संसदेच्या प्रेस गॅलरीचे सभासदत्व पत्रकारांच्या खासगी संघटनेकडे सोपवलेले असताना रॉबर्ट गोतिए या प्रकाशकाला पूर्ण सभासदत्व नाकारले गेले, आणि १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचे मत दिले. प्रवेशाची पद्धत नेमकी, न्याय्य आणि वाजवी हवी, ती चालवणारे हात सरकारचे असोत की पत्रकारांचे, हा त्या मताचा रोख होता.

आत बसण्याची सवय लागली की तिची किंमतही चुकवली जाऊ लागते. ब्रिटनच्या संसदेतील ‘लॉबी’ ही १८८४ पासूनची व्यवस्था. तिच्या सभासदांना प्रवक्त्याकडून रोजची माहिती मिळे, अट एवढीच की ती कोणी दिली हे छापायचे नाही. परिणामी सरकारचे म्हणणे वर्षानुवर्षे जणू हवेतून उतरल्यासारखे वृत्तपत्रांत येत राहिले. १९८६ मध्ये नव्याने निघालेल्या ‘इंडिपेंडंट’ने या बैठकांना जायचे नाही असे ठरवले आणि ‘गार्डियन’नेही ही अट झुगारली. त्यांचे वाचक अंधारात राहिल्याचे काही ऐकिवात नाही. आपल्याकडच्या ‘सूत्रांनी सांगितले’ या वाक्प्रचाराची जातकुळी याहून फार वेगळी नाही. धोक्यात असलेल्या माणसाचे नाव झाकण्यासाठी ती सवलत होती. आज मंत्र्याचा प्रवक्ताच ‘सूत्र’ म्हणून वावरतो आणि खोटे ठरले तर जबाबदारी कोणाचीच नसते.

मग प्रवेश हवाच कशाला, असा प्रश्न येतो, आणि हल्ली तो राज्यकर्तेच हसत विचारतात. नेता समाजमाध्यमावरून थेट लाखोंशी बोलतो, भाषणे थेट दिसतात, कागदपत्रे संकेतस्थळावर येतात, मग मध्ये हे दलाल कशाला? या युक्तिवादात एक गोष्ट सोयीस्करपणे गळते. नेत्याने लोकांशी थेट बोलणे आणि लोकांच्या वतीने कोणी त्याला अडवून विचारणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यातही पहिल्या प्रश्नाचे फारसे महत्त्व नसते, कारण त्याचे उत्तर पाठ केलेले असते. विधिमंडळाचे कामकाज पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे, की मंत्र्याची कसोटी लेखी उत्तरात लागत नाही, उपप्रश्नात लागते. पत्रकार परिषदेत हा उपप्रश्न तोच विचारू शकतो ज्याला त्या विषयाची मागची दहा वर्षे माहीत आहेत आणि ज्याला पुढच्या वेळी आपल्याला बोलावतील की नाही याची फिकीर नाही. म्हणूनच प्रश्न कोणी विचारायचे याची यादी सरकारने करणे मला प्रवेश नाकारण्याइतकेच गंभीर वाटते.

तशी यादी कॅनडात २००६ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कार्यालयाने सुरू केली. वार्ताहरांनी आधी नाव नोंदवायचे आणि कार्यालय ज्याचे नाव पुकारेल त्याने विचारायचे, अशी ती पद्धत. ऑटवाच्या पत्रकारांनी विरोध केला, मे महिन्यात एका प्रसंगी ते पंतप्रधानांकडे पाठ करून निघूनही गेले. हार्पर यांनी त्यावर, आपण राजधानीबाहेरच्या स्थानिक माध्यमांशी बोलू, असे उत्तर दिले. बहिष्काराची ही एकजूट टिकली नाही. एखाद्या संस्थेने नाव नोंदवले की तिच्या प्रतिस्पर्ध्याला बाहेर राहणे परवडत नाही, हा धंद्याचा साधा नियम तिथेही लागू पडला. डाउनिंग स्ट्रीटवरील गालिच्याचा प्रसंग विरळा आहे तो यामुळे. तिथे ज्यांना लाभ मिळत होता त्यांनी तो सोडला. अन्याय झालेल्यांनी आरडाओरडा करणे स्वाभाविक असते. लाभार्थ्यांनी उठून जाणे मात्र सरकारला खरोखर महागात पडते, आणि अर्ध्या उघड्या दाराचा सगळा डाव त्यांनी बसून राहण्यावरच उभा असतो.

पण प्रत्येक वेळी अशा शौर्यावर विसंबून राहणे ही काही व्यवस्था नव्हे. जर्मनीने १९४९ मध्ये एक वेगळी रचना उभी केली. तिथे ‘बुंडेसप्रेसेकॉन्फरेन्स’ ही वार्ताहरांची संघटना स्वतःच्या सभागृहात आठवड्यातून तीनदा पत्रकार परिषद भरवते, आणि सरकारचे तसेच मंत्रालयांचे प्रवक्ते तिथे पाहुणे म्हणून येतात. अध्यक्षस्थानी पत्रकार असतो, कोणी विचारायचे हे तो ठरवतो, आणि प्रश्न संपेपर्यंत पाहुण्यांनी बसायचे असते. सभासदत्वाचे दार संघटनेच्या हाती असल्याने जपानसारखा धोका तिथेही संभवतो, हे मी नाकारत नाही. तरीही यजमान बदलला की बसण्याची पद्धत किती बदलते, हे त्या सभागृहात दिसते. नको असलेल्या वार्ताहराला बाहेर काढण्याचा मार्ग तिथे प्रवक्त्याकडे नसतो. फार तर तो स्वतः न येण्याचे ठरवू शकतो, आणि मग त्याची रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते.

असे सभागृह प्रत्येक राजधानीत उद्या उभे राहणार नाही. तोवर निदान दोन गोष्टी वर्तमानपत्रांच्या स्वतःच्या हातात आहेत. अधिस्वीकृती नाकारली किंवा काढली गेली, तर लेखी कारण मागणे आणि ते कारण, किंवा कारण न दिल्याची गोष्ट, बातमी म्हणून छापणे, मग तो वार्ताहर प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचा का असेना. आणि जी बातमी सरकारी बैठकीतून आली असेल, तिच्याखाली एक ओळ देणे: ही माहिती कोणत्या अटींवर मिळाली, कोणाला त्या बैठकीला बोलावले नव्हते आणि कोणता प्रश्न विचारायला मनाई होती.